वेशीवरचा म्हातारा

"आधी सगळ्यांनी खाऊन घ्या. अर्ध्यात कुणी उठायचं नाही," श्रीरंग म्हणाला. मग डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून त्यानं सवयीनं मागे वळून बघितलं. "मागं कुणी राहिलं नाही ना?"

कुणी राहिलं नव्हतं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतलं ते नेट कॅफे रविवारी सकाळीच भरलं होतं. कृष्णा गंगापूरहून पहिल्या जीपनं आला होता, तर स्वरदा मैत्रिणीचा साखरपुडा बुडवून. 'ग्रेहार्बर' या ऑनलाइन खेळाचा नवा भाग आज उघडणार होता. नवा भाग घरी एकट्यानं उघडायचा नाही, इथं जमून सगळ्यांनी मिळून उघडायचा, असा त्यांच्या टोळीचा नियम. तो केला श्रीरंगनंच. अकरा वर्षं तो हा खेळ खेळत होता, आणि इथल्या प्रत्येकाला तलवार कशी धरायची ते त्यानंच शिकवलं होतं.

पण आज सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, स्वरदाचं. नव्या भागात एक पात्र खेळाडूंनी सुचवलेलं घ्यायचं असं कंपनीनं ठरवलं होतं, आणि जगभरातल्या सूचनांमधून तिची निवडली गेली होती. दलदलीच्या बेटावर गावाच्या वेशीशी बसणारा एक म्हातारा. त्याचं बोलणंसुद्धा तिनं दिलं तसं मराठीतच ठेवलं होतं. श्रीरंगनं आजवर कंपनीला किती सूचना धाडल्या असतील, नकाशे काढून, कारणं देऊन. एकीचंही उत्तर आलं नव्हतं. आणि ही पोरगी काल-परवा खेळायला लागलेली! श्रीरंगच्या पोटात दुखत होतं, पण ते तो मान्य करणार नव्हता. आपण खेळाच्या भल्यासाठी बोलतोय, असं त्यानं स्वतःला पटवून दिलं होतं.

मागच्या आठवड्यात नव्या भागाची झलक आली, तेव्हा तिच्यात तो म्हातारा क्षणभर, तोही पाठमोरा दिसला. श्रीरंगला तेवढं पुरलं. चाहत्यांच्या पानावर त्यानं 'जुनाजाणता' असं खोटं नाव घेऊन लिहिलं, 'लढाईच्या खेळात वेशीवर म्हातारे कशाला बसवता? याला उठवा.' लोकांनी ते उचलून धरलं. म्हातारा धड न बघितलेलेही 'याला उठवा, याला उठवा' म्हणू लागले. रोज सकाळी चहाबरोबर श्रीरंग ते वाचायचा, आणि त्याला जरा बरं वाटायचं.

"लई भारी बसवलाय म्हातारा," कृष्णा पडद्याला नाक लावून हसत होता. तो वेशीवर पोचलाही होता. "श्रीरंगदादा, हिकडं या की तुमी. समदं सोडा नि हिकडं या."

"येतो. समुद्र तर बघू दे आधी." श्रीरंगनं आपली होडी मुद्दाम उलट्या दिशेला वळवली.

स्वरदा मधूनमधून त्याच्या पडद्याकडे डोकावत होती. मिरवायचंय हिला, त्याला वाटलं. शेवटी ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच येऊन बसली.

"दादा, माझ्या म्हाताऱ्याच्या मागं कुणीतरी हात धुऊन लागलंय," ती हळूच म्हणाली. "लोक एवढे चिडलेत की त्याला काढावा लागेल, असं कंपनी म्हणतेय. आज ठरवणार आहेत. तो जायच्या आत तुम्ही एकदा बघा ना. बाकी कुणी नाही बघितला तरी चालेल मला."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. श्रीरंगनं होडी बेटाला लावली आणि चिखल तुडवत तो वेशीवर आला. लाकडी दाराशी घोंगडं टाकून म्हातारा बसला होता. श्रीरंगला बघून त्यानं डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली.

"आधी सगळ्यांनी खाऊन घ्या," म्हातारा म्हणाला. "अर्ध्यात कुणी उठायचं नाही."

सगळं कॅफे हसलं. त्यात चेष्टा कमी आणि माया जास्त होती, हे श्रीरंगलासुद्धा कळलं. "डिट्टो हाय का नाय?" कृष्णानं विचारलं. श्रीरंगचा हात कानाशी गेला होता, तो त्यानं खाली घेतला.

"खेळातल्या माझ्या पहिल्याच दिवशी मी दलदलीत अडकले होते," स्वरदा म्हणाली. "सगळे पुढं निघून गेले. तुम्ही तेवढे परत आलात. म्हणून मग हा."

तेवढ्यात टेबलावरचा श्रीरंगचा फोन थरथरला. 'जुनाजाणता'ला कंपनीचं उत्तर आलं होतं. अकरा वर्षांतलं पहिलं. 'तुमचं म्हणणं आम्हाला पटलं. वेशीवरचं पात्र आज काढून टाकत आहोत. खेळाबद्दल इतक्या तळमळीनं लिहिल्याबद्दल आभार.'

त्यानं फोन पालथा घातला.

"कुणाचं काही महत्त्वाचं होतं का?" स्वरदानं विचारलं.

"नाही. असंच."

पडद्यावर म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. वेस लावून घ्यायच्या आधी तो वळला आणि श्रीरंगकडे बघून म्हणाला, "मागं कुणी राहिलं नाही ना?"

श्रीरंगनं पालथा फोन जरा लांब सरकवला.

"उत्तर द्या ना, दादा," स्वरदा म्हणाली. "त्याशिवाय तो दार लावत नाही."