पालथा दगड

मजुरांनी पहार घालून दगड उलथवला, तेव्हा आत्या मागच्या दारात उभी होती. "अहो, तो राहू द्या तसाच," एवढं म्हणायलाही तिला उशीर झाला. अंगणातला तो चौकोनी दगड कित्येक वर्षं कुंडीखाली पालथा पडून होता. आता तो उताणा झाला आणि त्याच्या पोटातला खळगा सगळ्यांना दिसला. ताटाएवढा, गुळगुळीत, कपडे घासून घासून पडलेला.

संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाई धावत आल्या. वयाने आत्याच्या नातीएवढ्या, पण उत्साह दहा जणींचा. त्या हरखूनच गेल्या. आईंचा धुण्याचा दगड! हा तर लोकांना दिसलाच पाहिजे. पाटीवरचा मजकूरही त्यांना तिथल्या तिथे सुचला: 'यंत्र येण्यापूर्वी'.

आत्या गुडघ्यावर हात टेकत पायरीवर बसली. आठवडाभराच्या झाडलोटीने तिचं अंग आंबून गेलं होतं. आणि उद्या दादा येणार होता.

जग ज्याला मोठा संशोधक म्हणतं, तो तिचा थोरला भाऊ. त्याच्या जन्मघराचंच आता संग्रहालय झालं होतं आणि उद्घाटनाला तो स्वतः येणार होता. आई चार घरची धुणी धुवायची, तिचे फुटलेले हात बघून त्याने हाताने फिरवायचं धुण्याचं यंत्र केलं, ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ होती. पुढे तो एकामागून एक यंत्रं करत गेला. प्रत्येक आधीच्याहून स्वस्त. घरोघरी ती पोचली. नव्या घडणीचं पहिलं यंत्र दर वेळी आईकडे यायचं. ती सगळी आता पुढच्या खोलीत ओळीने मांडली होती. आधी पितळेचं, मग पत्र्याचं, शेवटचं प्लॅस्टिकचं. सगळी नवी कोरी. आईंची दूरदृष्टी बघा, कशी जपली आहेत, असं व्यवस्थापक बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

दूरदृष्टी कसली! पहिलं यंत्र आलं तेव्हा आईने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं, कोरड्या फडक्याने ते पुसलं आणि वर ठेवणीतली चादर घातली. लेकाने एवढं जिवापाड केलेलं, त्यात का मळके कपडे बुडवायचे? बादली उचलून ती अंगणात गेली. दुसरं आलं, तेही चादरीखाली गेलं. आत्या कावायची. वापरायलाच दिलंय ना त्याने, म्हणायची. "आणि खराब झालं म्हणजे?" आई विचारायची. नवरा गेल्यावर आत्या लेकरांना घेऊन इथेच राहिली होती, त्यामुळे धुण्याला काही तोटा नव्हता. चार घरची धुणी सुटली, घरचं धुणं मात्र आईने मरेपर्यंत त्याच दगडावर धुतलं.

दादा भेटीला यायचा त्या दिवशी मायलेकींची धांदल उडायची. दोघींनी मिळून दगड पालथा घालायचा, वर कुंडी ठेवायची. यंत्रावरची चादर काढायची आणि दोन ओले टॉवेल त्याच्यावर टाकून ठेवायचे. दादा विचारायचा, "चालतं ना गं, आई?" आई म्हणायची, "लोण्यासारखं." आणि हात पाठीमागे न्यायची.

आई गेल्यावर आत्याने लेकरांना हाताशी घेऊन दगड पालथा घातला तो कायमचाच. तेव्हापासून आईच्या वाटणीचं खोटंही तीच वागवत होती, आणि आता दमली होती. दादा थकलाय, ही त्याची शेवटचीच खेप असेल. एवढी एक पार पडली म्हणजे सुटले, असं तिने मनाशी धरलं होतं.

संध्याकाळी तिने व्यवस्थापक बाईंना दगड पुन्हा पालथा घालायला विनवलं. त्या हसल्या. "आत्या, दगडाची कसली हो लाज?" आता काय सांगायचं? सगळे गेल्यावर तिने स्वतःच जोर लावून पाहिला. दगड जागचा हलला नाही. कंबर तेवढी धरली. शेवटी तिने खळग्यात कुंडी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दादा काठी टेकत आला. भाषणं झाली. पाहुणे म्हणाले, गरिबांच्या कळवळ्याने यांनी यंत्र स्वस्तात स्वस्त केलं. टाळ्या पडल्या. दादा डोळे मिटून बसला होता. मग लोक चहाकडे वळले, तसा तो उठून मागच्या अंगणात गेला. आत्या लगबगीने मागोमाग.

पाटी त्याने वाचली. दगडाशेजारी हळूहळू खाली बसला आणि म्हणाला, "चिमे, ती कुंडी उचल."

तिने उचलली. त्याने खळग्यात हात घातला. तळापासून काठापर्यंत तळहात फिरवून त्याची खोली पाहिली.

"मी घर सोडलं तेव्हा यात ओंजळभर पाणीसुद्धा ठरत नव्हतं."

आत्याने हातातली कुंडी खाली ठेवली. "दादा, ती..."

"माहीत आहे मला. तुम्ही दोघी चहा करायला आत गेलात, की मी यंत्राचे कपडे पिळायचे रबरी रूळ बघायचो. एकाही यंत्राचा रूळ कधी झिजलेला दिसला नाही."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"एवढ्या प्रेमाने ती लोण्यासारखं म्हणायची. तिला खोटं कसं पाडू?"

उघड्या दारातून पुढच्या खोलीतली यंत्रांची रांग दिसत होती. पितळेच्या यंत्रापासून प्लॅस्टिकच्या यंत्रापर्यंत दादाची नजर सावकाश फिरली.

"म्हणून तर दर वेळी आणखी स्वस्त, आणखी साधं करत गेलो, चिमे. म्हटलं, एक तरी असं जमेल, जे वापरायला तिचा जीव धजेल."