घोडीचं गवत

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली, त्या पावसाळ्यातली गोष्ट. सोनाजी करमाडच्या स्टेशनवर टांगा हाकायचा. घोडीसाठी नुकतंच विकत घेतलेलं वाळलं गवत त्यानं ओल लागू नये म्हणून पत्र्याच्या छपरात, फळ्यांवर रचून ठेवलं होतं. दुपारी बौद्धवाड्यातली घरं पेटली अन् तिथली भागूबाई तान्ह्या लेकीला घेऊन पळत आली. सोनाजीच्या बायकोनं, सारजाबाईनं, दोघींना त्या गवतात दडवलं आणि वरून पेंढ्या रचल्या.

त्यानंतर गवताला हात लावायची कुणाची छाती होईना. घोडी भुकेनं खिंकाळत राहिली. तेवढ्यात जमाव दारात आला.

“एवढं गवत घेऊन ठेवलंय, अन् घोडी उपाशी?” तोंडाला रुमाल बांधून पुढं आलेल्या एकानं विचारलं.

“बुरशी आलीय त्याला,” सोनाजी घाईघाईनं म्हणाला. “खाल्लं तर पोट फुगून मरंल ती.”

“मग ठेवायचं कशाला? पेटवून टाकतो.”

त्यानं काडी ओढली. गवताच्या आतून लेकरू बारीक कण्हल्यासारखं झालं, तेही घोडीच्या खिंकाळण्यात बुडालं.

सारजाबाई चालत गेली आणि गवतावर मांडी घालून बसली.



“पेटव, सांडू,” ती म्हणाली. “पण तोंडावरचा रुमाल काढ. पोटच्या पोरानं आईला तोंड दाखवून पेटवावं.”

काडी त्याची बोटं पोळून विझली. दुसरी त्यानं ओढली नाही.