सगळी गल्ली आजारी

परदेशी पैशांवर चालणारं आमच्या गल्लीतलं आरोग्य केंद्र बंद होणार होतं, कारण पेशंटच येईनात. तपासणीला तिकडचे साहेब येणार म्हटल्यावर सिस्टर रडकुंडीला आल्या.

"अहो सिस्टर, आम्ही काय मेलोय का?" म्हणत मी दुपारी अख्खी गल्ली केंद्रातल्या खाटांवर आडवी केली. मी पोटदुखी घेतली, बायकोला चक्कर दिली. पण त्या गार चादरींवर एकेक जण खरंच घोरायला लागला.

साहेब चवड्यांवर आत आले. सोबतच्या दुभाष्यानं विचारलं, "यांना काय झालंय?"

मी एक डोळा उघडून पोट दाखवलं.

"काहीच नाही झालेलं," सिस्टर म्हणाल्या. "सहा वर्षं लसी टोचत, पाणी तपासत दारोदार फिरले, ते ह्याच्यासाठीच."

दुभाष्यानं सांगितलं. साहेब चवड्यांवरच सगळ्या खाटांमधून फिरून आले आणि दुभाष्याच्या कानाशी लागले.

"केंद्र चालू ठेवा म्हणतायत," दुभाष्या कुजबुजला, "आणि कुणाला उठवू नका."