ताहितीला जोडीनं

जांबच्या जत्रेत रामेश्वर फोटोवाल्यानं फळीवर ताहिती बेट रंगवलं होतं. नावेत वल्हं मारणारा नवरा, शेजारी फुलांच्या माळा घातलेली बायको, तोंडांच्या जागी फळी गोल कापलेली. “मासे धरा, शहाळं प्या, जोडीनं ताहितीला चला!” तो ओरडायचा. “नवरा घरात दिसतच न्हाई,” म्हणत माझी बायको वाटूरला माहेरी गेल्ती. ‘जत्रेत ये, जोडीनं फोटो काढू,’ असा निरोप मी तिला धाडला होता. सांजपर्यंत अर्धा तालुका ताहितीला जाऊन आला. एका म्हाताऱ्यानं तर शेजारी शेळीचं तोंड बसवलं. मी उभाच. “अप्पाराव, वहिनी?” रामेश्वरनं विचारलं. “येऊन राह्यली.” “वाटूरची शेवटची बस रिकामी आली, राजे. एकट्याचाच काढू?” मी फळीमागं जाऊन बायकोच्या जागी तोंड घातलं. नवऱ्याची जागा रिकामी. “अहो, चुकली जागा!” “बराबर हाय. काढा अन् वाटूरला पाठवा.”