पितळी चिमटा

डॉक्टर पेंडशांनी डोकं मोजायचा पितळी चिमटा वसाहतीतल्या दाम्याच्या कपाळाला लावला. "बघा जमादार, हा जन्माचा चोर. कपाळच सांगतंय." तेवढ्यात चहा आला. डॉक्टरांनी हातातलं सगळं कोटाच्या खिशात कोंबलं आणि कपबशी घेतली.

चहा संपला, तेव्हा चिमटा सापडेना.

तारेच्या कुंपणातली ती वसाहत इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचीच होती, त्यामुळे चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. दाम्याला कोठडीत घातलं. झोपड्या उलथ्यापालथ्या केल्या, चुली उकरल्या, पीठ मातीत सांडलं. पाठीवर वेत मोडला तरी दाम्या "म्या न्हाई घेतला जी" एवढंच म्हणत राहिला. "असं ठाम खोटं बोलणं हेही लक्षणच," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना डॉक्टरांना शिंक आली. रुमालासाठी त्यांनी खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर चिमटाही बाहेर आला. रांगेत उभी असलेली दाम्याची बायको बघतच राहिली. डॉक्टरांनी चिमटा उलटसुलट करून पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"पाहिलंत? माझ्या अंगावरच्या कोटात परत ठेवला आणि मला पत्ता नाही. ही कला शिकून येत नाही, रक्तातच असावी लागते."

जमादार चाचरला. "पण साहेब, दाम्या तर कालपासून कोठडीत आहे."

डॉक्टरांनी चिमटा रुमालाने पुसला आणि ते रांगेकडे वळले.

"अस्सं. मग त्याच्या बायकोचंही डोकं मोजायला हवं."