केसपेपरवरची दारू

“दारू किती घेता?”

यकृताच्या प्रत्येक रुग्णाला डॉ. हेमांगी राजाध्यक्ष तरुणपणी हाच प्रश्न आधी विचारायच्या. रंगाच्या कारखान्यात टाक्या धुणारे दामू पाष्टे काकुळतीला येऊन म्हणाले होते, “थेंबालाही शिवत नाही, बाई.” डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं, ‘दारूमुळे’.

पुढची वीस वर्षं त्यांनी याच आजारावर संशोधन केलं. टाक्या धुण्याच्या रसायनाच्या वाफांनी दारू न पिणाऱ्यांचंही यकृत निकामी होतं, हे त्यांनीच सिद्ध केलं. सत्कार झाले. मग एकदा जुने कागद चाळताना दामूंचा केसपेपर हाती आला. अक्षर त्यांचंच होतं.

पत्ता शोधत त्या पाष्ट्यांच्या घरी गेल्या. दामूंच्या बायकोला, सुलभाबाईंना, त्यांनी काहीही न लपवता सांगितलं, “ते खरं बोलत होते. चूक माझी होती.”

सुलभाबाई म्हणाल्या, “लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे हो! पण डॉक्टरीणबाई खोटं कशाला लिहील, असं मला वाटलं. शेवटचे चार महिने मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही.”

डॉक्टरबाईंना मान वर करवेना. कशाबशा उठून त्या भिंतीवरच्या दामूंच्या फोटोपुढे हात जोडायला गेल्या, तोच सुलभाबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलं.

“थांबा बाई,” त्या म्हणाल्या. “आधी मला माफी मागू द्या.”