एमिलने ओढलेली पट्टी

रोन्डाच्या बुटाचं टोक छपरावरच्या प्लास्टिक शीटच्या जोडात अडकलं आणि हातभर शीट चक्क वर उचलली गेली.

"एमिल!" ती ओरडली. "सोड ते मशीन. इकडे ये आधी."

एमिल आला. म्हणजे गुडघ्यांनी जसं आणलं तसा आला. वय त्रेसष्ट. ऑक्टोबर संपत आलेला, अमेरिकेतल्या ईरी सरोवरावरचा बोचरा वारा, आणि कागदाच्या गोदामाच्या सपाट छपरावर दिवसभर ओणवं राहायचं, हे काही खायचं काम नाही. अजून एक उन्हाळा काढला की युनियनचं पूर्ण पेन्शन. तेवढ्यासाठी तो रोज सकाळी शिडी चढत होता.

त्याने वाकून पाहिलं. एका शीटची कड दुसरीवर ठेवायची, मधून मशीनची गरम हवा सोडायची, दोन्ही कडा वितळून एकजीव झाल्या पाहिजेत. इथे त्या नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, लग्नाच्या फोटोतल्या नातेवाइकांसारख्या.

"जेवणानंतरचं सगळं असंच निघणार," रोन्डा म्हणाली. छपरावर आता ती मुकादम होती. हे काम तिला एकोणीस वर्षांपूर्वी एमिलनेच शिकवलं होतं. "दोनशे फूट! संध्याकाळी पाऊस सांगितलाय आणि खाली सगळा कागद. पट्टी काढली होतीस ना?"

"म्हणजे काय? न काढता मशीन चालवीन मी?"

जेवणाच्या सुट्टीत मशीन गार पडतं. पुन्हा सुरू करताना आधी दोन टाकाऊ तुकडे जोडायचे, त्यातून दोन बोटं रुंद पट्टी कापायची आणि दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढायची. सुटली तर जोड कच्चा, नाही सुटली तर पक्का. आणि या टोळीत पट्टी कुणाच्याही मशीनची असो, ओढायची एमिलने. त्याचे हातच तसे होते. त्याच्या हाताखाली सुटली नाही ती पट्टी बापजन्मात सुटायची नाही, असं सगळे म्हणायचे.

त्याने खिशातून दुपारची पट्टी काढली. "ही घे. घाम फुटला मला, पण हलली नाही."

रोन्डाने हातमोजे काढले आणि पट्टी ओढली. केळ्याचं साल निघावं तशी ती सुटत गेली. तिला फारसा जोरही लावावा लागला नाही.

रोन्डा घाईघाईने म्हणाली, "करंटचा घोळ असणार. खाली काम करणाऱ्या त्या गाढवांनी तुझ्याच वायरवर विजेची करवत लावलीय. मशीन तापलंच नसेल. मी तसं लिहिते."

"सकाळची पट्टी दे."

"राहू दे ना आता."

"दे म्हणतो ना, पोरी."

रोन्डाने वहीतून सकाळची पट्टी काढून दिली. एमिलने ती ओढली. हलली नाही. मग रोन्डाने ओढली. तीही दात-ओठ खाऊन ओढत राहिली, पण ती पट्टी काही सुटली नाही.

एक पक्की, एक कच्ची. त्याच्या हाताला दोन्ही सारख्याच लागल्या होत्या.

"हे बघ म्हाताऱ्या," रोन्डा हळू आवाजात म्हणाली, "हे दोनशे फूट पावसाच्या आत पुन्हा मारू. मी येते तुझ्याबरोबर. यापुढे पट्ट्या मी ओढीन, तू मशीन धर. कुणाला पत्ता लागायचा नाही."

एमिलला 'बरं' म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. एकच उन्हाळा तर राहिला होता. तो मान वर करून रस्त्यापलीकडे बघू लागला. तिथे शाळेचं छप्पर पांढरंशुभ्र दिसत होतं. ते त्यांच्या टोळीनेच ऑगस्टमध्ये केलं होतं.

"त्या शाळेच्या पट्ट्या कुणी ओढल्या?"

रोन्डाने सकाळची पट्टी वहीत परत ठेवली.

"आणि दवाखान्याच्या?"

"गळतंय म्हणून एकाचा तरी फोन आलाय का?"

"यंदा पाऊस तरी कुठे पडलाय?"

"पक्की असतील ती, एमिल."

"असतील. नसतीलही. मला कळतच नाही, तेच तर सांगतोय. वायरचं काही लिहू नकोस. मी ओढलेल्या पट्ट्यांवर केलेली सगळी छपरं पुन्हा तपासायची, असं लिही."

"हे ऑफिसात गेलं की उद्यापासून तू घरी. माहितीय ना?"

"माहितीय."

रोन्डाने वही उघडली. पेन्सिल टेकवली, पुन्हा उचलली. "कधीपासूनची लिहू?"

एमिल थोडा वेळ हिशेब करत राहिला.

"मेपासून धर," तो म्हणाला. "मेपासून लोणच्याची बरणी बायको उघडून देते. मला वाटायचं, हल्ली झाकणंच घट्ट बसवतात."